सेंटरिंग कधी काढायचे?

स्लॅब ओतून पाच दिवस झाले आहेत. वर पाणी साठवून ठेवले आहे, खाली टेकूंची दाटी आहे. हे टेकू आणि पत्रे बहुधा भाड्याने आणलेले असतात. जितके दिवस ते स्लॅबखाली अडकून पडतील तितके दिवस भाडे चढत राहते, आणि त्यांच्यावाचून वरच्या मजल्याचे काम पुढे सरकत नाही. म्हणून प्रत्येक बांधकामावर हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो: सेंटरिंग कधी काढायचे? आपल्याकडील काँक्रीटच्या मानक संहितेने, आय. एस. ४५६ ने, त्याचे सावध उत्तर देऊन ठेवले आहे. साधे पोर्टलंड सिमेंट, पुरेसे पाणी मारलेले आणि हवा फार थंड नाही, अशा स्थितीत साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे किमान १४ दिवस हलवू नयेत. मुरलेला मिस्त्री एवढ्यावर थांबत नाही. तो स्लॅबवर हातोडीने ठोकून नाद ऐकतो, कडेचा कोपरा नखाने खरवडून पाहतो, ओतणीच्या दिवशी पाऊस किती होता ते आठवतो आणि मग मान हलवतो.

आता या प्रश्नाला उत्तर देणारा आणखी एकजण आला आहे. मुठीत मावेल एवढा संवेदक स्लॅबच्या सळयांना बांधून काँक्रीटमध्ये पुरला जातो. तो आतील उष्णता सतत मोजतो आणि पूर्वीच्या असंख्य ओतण्यांच्या नोंदींवर पोसलेला संगणकीय कार्यक्रम अभियंत्याच्या मोबाइलवर सांगतो की अपेक्षित ताकद आली आहे, किंवा अजून यायची आहे. कॅमेऱ्यावरून कोणाच्या डोक्यावर शिरस्त्राण नाही ते ओळखणे, ड्रोनच्या छायाचित्रांवरून काम नकाशाबरहुकूम चालले आहे का ते ताडणे, भिंतीवरील तडे मोजणे, हीही कामे कृत्रिम बुद्धिमत्ता करू लागली आहे. साहजिकच बांधकाम व्यवसायात एक नवी हाक ऐकू येते: आमच्या माणसांना हे कौशल्य शिकवा. हाक रास्तच आहे. परंतु कौशल्य म्हणजे नेमके काय आणि आमची माणसे म्हणजे कोण, या दोन गोष्टी गृहीत धरूनच ती दिली जाते. मला तेथे अडखळायला होते.

या यंत्रामागची विद्या चैनीपोटी जन्मलेली नाही, हे आधी सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात २ मार्च १९७३ रोजी स्कायलाइन प्लाझा ही बांधकाम चालू असलेली उंच इमारत कोसळली आणि १४ कामगार मेले. काँक्रीट अजून कोवळे असताना टेकू काढले गेले होते. पुढे २७ एप्रिल १९७८ रोजी पश्चिम व्हर्जिनियातील विलो आयलंड येथे याहून भीषण घडले. तेथे एका वीजकेंद्रासाठी पाणी थंड करण्याचा प्रचंड मनोरा उभा राहत होता. दिवसाला पाच फुटांचा एक थर ओतायचा आणि ज्या परांचीवर उभे राहून ओतायचा ती परांचीही मनोऱ्याच्या त्याच ताज्या भिंतीला जखडायची, अशी रीत होती. रात्री गारठा होता, आणि गारठ्यात काँक्रीट सावकाश घट्ट होते. सकाळी वरच्या थरासाठी काँक्रीट चढवले जात असताना आदल्या दिवशीचा थर ढासळला आणि त्याच्याबरोबर सबंध परांची सोलपटासारखी निघून आली. सुमारे १७० फूट उंचीवरून ५१ माणसे खाली कोसळली. एकही वाचला नाही. त्यांत एकाच कुटुंबातील अनेकजण होते.

उष्णतेच्या नोंदीवरून काँक्रीटची ताकद अजमावण्याची कल्पना १९५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये मांडली गेली होती. या दोन दुर्घटनांचा तपास करताना अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील संशोधकांचे लक्ष तिच्याकडे वळले आणि १९८७ साली तिचे तेथे रीतसर मानक झाले. आजचे संवेदक त्याच पद्धतीचे वारस आहेत. म्हणजे अवेळी मेलेल्या मजुरांच्या खात्यावर या ज्ञानाची पहिली नोंद आहे. त्याला नाके मुरडणे हा त्यांचाही अपमान ठरेल.

आता यंत्राची दुसरी बाजू पाहू. संवेदकाला उष्णता कळते, बाकी काही कळत नाही. अमुक प्रमाणात सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी मिसळले तर इतक्या उष्णतेत इतक्या तासांनी इतकी ताकद येते, हे प्रयोगशाळेत आधी ठरवलेले असते. त्या भरवशावरच तो बोलतो. आता समजा, दुपारच्या उन्हात रहदारीत अडकलेली मिक्सरची गाडी उशिरा आली. काँक्रीट ताठरले आहे, नळीतून सरकत नाही. ओतणी थांबली तर खोळंबा होईल म्हणून कोणीतरी पाण्याची नळी ड्रममध्ये सोडतो. काँक्रीट वाहू लागते, सर्वांचा जीव भांड्यात पडतो. पाणी वाढले की ताकद घटते, हे बांधकामावरील प्रत्येकाला ठाऊक असते. पण त्या क्षणी संगणकातील तक्ता खोटा झाला, हे संगणकाला कोण सांगणार? त्याने केलेली बेरीज अचूक राहील आणि उत्तर चुकेल. सत्य ठाऊक असते ते फक्त नळी सोडणाऱ्या बिगाऱ्याला आणि शेजारी घमेले घेऊन उभ्या असलेल्या बाईला. त्या दोघांना मोबाइलवरील आकडा कोणी दाखवलेला नसतो आणि त्यांना कोणी काही विचारतही नाही.

कौशल्याची प्रचलित व्याख्या मला येथे तोकडी वाटते. यंत्र चालवता येणे, त्याचे उत्तर वाचता येणे, हे अभियंत्याला आठ दिवसांत शिकवता येईल. पण हे उत्तर आज, या स्लॅबला लागू पडते का, हे कसे शिकवायचे? ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात सद्गुण कसे अंगी बाणतात हे सांगताना घर बांधणाऱ्याचाच दाखला घेतला आहे. माणूस बांधत बांधतच बांधणारा होतो, आणि चांगले बांधले तर चांगला, वाईट बांधले तर वाईट. हे खरे असेल तर टेकू काढण्याचा निर्णय स्वतः कधीच न घेतलेला तरुण अभियंता दहा वर्षांच्या नोकरीनंतरही तो घेण्यास लायक होणार नाही. यंत्र त्याचा वेळ वाचवील, पण मिस्त्रीच्या शेजारी उभे राहून स्लॅबचा नाद ऐकण्याचे दिवसही वाचवील, आणि ते वाचलेले दिवस कोठेही जमा होत नाहीत.

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाची अंगे मोजली, तेव्हा स्मरण, दूरदृष्टी, सावधपणा यांच्या पंक्तीला त्यांनी दुसऱ्याकडून शिकून घेण्याची तयारी बसवली. वास्तवाचे पैलू इतके असंख्य असतात की एकट्याला ते दिसत नाहीत, विद्वानालाही नाहीत, असे त्यांचे म्हणणे. बांधकामावर या तयारीला सरळ अर्थ आहे: अभियंत्याने आकडा वाचण्यापूर्वी बिगाऱ्याला विचारावे, गाडीत पाणी घातले होते का? प्रश्न साधा आहे, पण तो विचारायला पदाची ऐट उतरवून ठेवावी लागते, आणि खरे उत्तर मिळायला बिगाऱ्याच्या मनात भीती नसावी लागते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सर्चेन्स’ या परिपत्रकात श्रमातून निपजणारी वस्तू आणि श्रम करणारा माणूस यांत भेद करून श्रमाचे मोल माणसावरून ठरवले. बिगाऱ्याला वगळून कौशल्य वाढवायला निघालेली योजना या कसोटीवर आरंभीच फसते.

कोणी म्हणेल, माणसावर एवढा विश्वास कशाला? पाणी घालणारा माणूसच, घाई करणाराही माणूसच. यंत्र थकत नाही, लाच खात नाही. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. नवख्या अभियंत्यावर ठेकेदार गुरकावतो, तेव्हा ‘यंत्र नाही म्हणते’ हे वाक्य त्याच्या हाती ढालीसारखे येते, आणि ती ढाल मला मोलाची वाटते. अडचण एवढीच की तीच ढाल उलटीही धरता येते. ‘यंत्र हो म्हणाले’ असे सांगून सर्वांना हात झटकता येतात. मनुष्यवधाचा गुन्हा संवेदकावर नोंदवता येत नाही, आणि पश्चात्तापही तो करू शकत नाही. टेकू काढण्याच्या कागदावर एका माणसाची सही असावी, आणि पहिला टेकू निघताना त्या माणसाने स्वतः स्लॅबखाली हजर असावे, असे मला वाटते. हे जुनाट वाटेल, वाटो.

आणि शिकवायचे कोणाला? शहरातील बांधकामावरचा मजूर पुष्कळदा नाक्यावरून उचललेला असतो. आज या इमारतीवर, उद्या दुसऱ्या. त्याची भाषा भोजपुरी असेल, कन्नड असेल, मराठवाड्यातील मराठी असेल. त्याला वर्गात बसवले तर त्या दिवसाच्या मजुरीचे काय, हा प्रश्न प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमाइतकाच महत्त्वाचा आहे. त्याला संगणक चालवायला शिकवण्याची गरज नाही. स्लॅबमध्ये काय पुरले आहे, ते काय पाहते, काय पाहत नाही, आणि पाणी घातले गेले तर ते लगेच कोणाला सांगायचे, हे अर्ध्या दिवसात त्याच्या भाषेत समजावता येईल. तो अर्धा दिवस भरपगारी हवा. आणि ‘थांबा’ म्हणून त्याने ओतणी अडवली तर त्या दिवशी त्याच्या नावापुढे खाडा पडणार नाही, हे ठेकेदाराने काम सुरू होण्यापूर्वीच लिहून द्यायला हवे.