त्यांच्या हातचा चहा



मागच्या पावसाळ्यात चर्चच्या विहिरीवरची मोटर नाहीशी झाली, हे आपणांस ठाऊक आहे. पुढचे थोड्यांनाच ठाऊक आहे. रस्त्यापलीकडे फासेपारध्यांची चार पाले पडली होती. "दुसरं कोण नेणार?" असे कोणीतरी म्हणाले आणि आम्ही गप्प राहिलो. पोलीस दोघांना घेऊन गेले. संध्याकाळी कळले की मोटर आपल्याच एका माणसाने दुरुस्तीला नेली होती. सांगायचे राहून गेले होते.

अपराध म्हणजे जाणूनबुजून, स्वतःच्या इच्छेने केलेले कृत्य; म्हणून जन्मतः गुन्हेगार कोणी असू शकत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही हे शिकलो. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने अख्ख्या जमातींवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची सोय केली, त्यात पारधीही पुढे आले. १९५२ साली तो कायदा गेला. आमच्या मनातून गेला नव्हता. (आदिपाप शिकवणाऱ्याला तरी कळायला हवे होते, ते सगळ्यांनाच लागू आहे, एका जमातीला नव्हे.)

फासे लावून तितर-लावे धरणे हा त्यांचा पिढीजात धंदा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारच गुन्हा ठरली; पोट मात्र तसेच राहिले. आपल्याच जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले या पारधी शिक्षकाने नोकरी सोडून या मुलांसाठी शाळा काढली. तिचे नाव 'प्रश्नचिन्ह'. प्रश्न कोणाला आहे, हे आपण ओळखावे.

हे आपल्याकडेच आहे असे नाही. दूर सोमालियात भाषा एक, धर्म एक, तरी शिकार आणि चामड्याचे काम करणाऱ्यांशी मोठ्या कुळांची माणसे सोयरीक करीत नाहीत. २००० साली तिथे सत्तेची वाटणी झाली तेव्हा चार मोठ्या कुळांना एकेक वाटा आणि उरलेल्या सर्व अल्पसंख्याकांना मिळून अर्धा देण्यात आला. अर्धा का होईना, मोजले तरी, असे कोणी म्हणेल. आम्हालाही आधी तसेच वाटले.

तर आम्ही तांदूळ आणि बिस्किटांचे पुडे घेऊन पालावर माफी मागायला गेलो. म्हातारीने पुडे ठेवून घेतले आणि चुलीवर चहा ठेवला. आम्ही म्हणालो, "नको आजी, आताच घेऊन आलो." ते खोटे होते.

देणाऱ्याचा हात वरच राहतो. दया करायला समोरचा बरोबरीचा असावा लागत नाही. त्याच्या हातचे घ्यायला मात्र लागतो. याकोबाच्या विहिरीवर प्रभू येशूने शोमरोनी बाईला आधी काही दिले नाही, तिच्याकडे पाणी मागितले. या शुभवर्तमानावर आम्ही किती प्रवचने दिली असतील!

आठवड्याने गेलो तर पाले उठली होती. बडनेऱ्याच्या अंगाला गेली, असे कोणी सांगितले. यंदा ती पुन्हा पडली, तर पॅरिश कौन्सिलने धान्याची पाकिटे लगेच नेऊ नयेत, ही विनंती. आधी आम्ही चहा घेऊन येतो. कोणाला सोबत यायचे असेल त्यांनी मिस्सानंतर सांगावे.