प्रतिकार कशाला म्हणावे?

लाखो ज्यू निमूटपणे मेले कसे, त्यांनी हात का उचलला नाही, असा प्रश्न वर्गात मुले विचारतात. मोठेही विचारतात. प्रतिकार म्हणजे बंदूक, असे त्यांनी धरूनच ठेवलेले असते.

वॉर्साच्या घेट्टोत बंदूकही उचलली गेली. 19 एप्रिल 1943 रोजी उरलेल्यांना न्यायला जर्मन फौज आत शिरली, तेव्हा मोर्देखाय अनिएलेविच आणि त्याचे तरुण सोबती पिस्तुले व हातबॉम्ब घेऊन उभे राहिले. जवळजवळ महिनाभर त्यांनी झुंज दिली. त्यांना सलामच. पण आम्ही शिक्षक माणसे. आमचे मन त्याआधीच्या अडीच वर्षांत अडकते.

नोव्हेंबर 1940 मध्ये घेट्टो बंद झाला. साडेतीन चौरस किलोमीटरच्या आसपास जागेत चार लाखांवर माणसे कोंडली गेली. रेशनवर जगणे अशक्यच. लहान मुले भिंतीच्या भोकांतून बाहेर जाऊन बटाटे, पाव आणत. 1942 च्या मध्यापर्यंत भूक आणि टायफसने 80 हजारांवर माणसे गेली. शाळांवर बंदी होती, म्हणून शिक्षक गरिबांच्या सूपघरांत लपूनछपून शिकवत.

इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लुम यांनी तिथेच ‘ओनेग शब्बात’ नावाचा गुप्त गट उभारला. डायऱ्या, मुलांचे निबंध, रेशनकार्डे, ट्रामची तिकिटे, मिठाईचे कागदसुद्धा जमवले. स्वतःच्या लोकांची पापेही त्यांनी झाकली नाहीत. ज्यू पोलिसांनी आपल्याच लोकांना घरांतून ओढून काढले, तेही नोंदवले. साक्ष आपल्या माणसांविरुद्ध गेली तरी लपवू नये, ही ताकीद आपल्यालाही आहे. पाळणारे किती, ते अल्लाह जाणे.

कागदाने कोणाचा जीव वाचला, असे कोणी म्हणेल. फारसा नाही, हे कबूल. पण मारणाऱ्यांना नुसते मारायचे नव्हते, मेलेल्यांची कहाणीही आपणच सांगायची होती. मे 1942 मध्ये नाझींनी घेट्टोत कॅमेरे आणून खोटी दृश्ये मुद्दाम रचून चित्रित केली. त्या खोट्याला उत्तर बंदूक कसे देणार? आपल्या भाषेत ‘शहादत’ म्हणजे बलिदान, तशीच साक्षही. आम्हांला हे दोन अर्थ उगाच एकत्र आलेले वाटत नाहीत.

पॅलेस्टाईनचे दुःख समोर असताना या माणसांविषयी बोलणे आपल्यातील काहींना जड जाते. आम्हांला ते पटत नाही. 1942 साली भिंतीआड भुकेने मेलेल्या पोराकडे आपण कसला हिशेब मागणार?

22 जुलै 1942 पासून ट्रेब्लिंकाच्या गाड्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत अडीच लाखांवर माणसे नेली. त्या धामधुमीत, ऑगस्टच्या आरंभी, इस्राएल लिख्टेनश्टाइन या शिक्षकाने पत्र्याच्या दहा पेट्या शाळेच्या इमारतीखाली पुरल्या. मदतीला दोन विद्यार्थी होते: दावीद ग्राबेर, वय 19, आणि नाहुम ग्झिवाच, वय 18. तिघांतला एकही वाचला नाही. मार्च 1944 मध्ये रिंगेलब्लुमही बायकोमुलासह मारले गेले.

गटातले मोजकेच जण उरले होते. सप्टेंबर 1946 मध्ये ढिगारे उपसून पेट्या काढल्या. आत पाणी शिरले होते. चिकटलेले पान न् पान हलक्या हाताने सोडवून वाळवावे लागले.