बारा चित्रांची काटकसर

घरांतील जुन्या वस्तूंपैकीं कोणत्या ठेवाव्यात आणि कोणत्या काढून टाकाव्यात, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ व्यवहाराचा दिसतो. पण तो सोडवावयास बसलें म्हणजे त्यांत नीतीचेहि बरेच धागे गुंतलेले आढळतात. आमच्या पडघ्याच्या घरीं वडिलांच्या कपाटांत एक कॅमेरा आहे. यशिका-मॅट या नांवाचा, जपानी बनावटीचा, एकावर एक अशीं दोन भिंगें असलेला, चौकोनी पेटीसारखा. वडिलांनीं तो १९६९ सालीं मुंबईहून वापरलेला असाच विकत आणला. त्यांच्या पश्चात् तो माझ्याकडे आला, आणि गेल्या दहा वर्षांत मीं त्यांत फार तर दोन रोल घातले असतील. मुलगा म्हणतो, "बाबा, हा कोणाला तरी देऊन टाका आणि एक चांगला डिजिटल कॅमेरा घ्या." त्याला 'हो' म्हणावयास माझी जीभ रेटत नाहीं, आणि 'नाहीं' म्हणावयाचें तर त्याचें कारण देतां येत नाहीं. तें कारण आहे कीं नाहीं, आणि असल्यास तें कितपत टिकणारें आहे, हें पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

माझ्या मनांत पहिलें येणारें कारण पुष्कळांना ओळखीचें वाटेल. या कॅमेऱ्यांत एका रोलवर बाराच चित्रें निघतात. तो पोटाशीं धरून, मान खालीं घालून, वरच्या दुधी कांचेत पाहावें लागतें. कांचेतील प्रतिमा डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे अशी उलट दिसते, त्यामुळें मनुष्य चौकटींत नीट बसेपर्यंत चांगला वेळ जातो. उजेड अजमावा, अंतर जुळवा, श्वास रोखा आणि मग कळ दाबा. रोलला पैसे, धुवावयास पैसे, छापावयास पैसे. एवढा खटाटोप असला म्हणजे मनुष्य वाटेल त्याचें चित्र काढीत नाहीं. जें खरोखर पाहण्याजोगें आहे तेंच निवडतो. तेव्हां दुर्मिळता ही दृष्टीची शिक्षिका आहे, आणि जेथें हजारों चित्रें फुकट निघतात तेथें पाहणेंच संपतें, असें मी कित्येक वर्षें मानीत आलों. हें मत मीं चारचौघांत बोलूनहि दाखविलें आहे, आणि त्यावर माना डोलतांनाहि पाहिल्या आहेत.

गेल्या आषाढांत, लावणीच्या दिवसांत, एक बाई घरीं आली. तिची आई आमच्या शेतावर पंचवीस वर्षें लावणीला आणि कापणीला येत असे. कातकरी समाजाची, जवळच्याच वाडीवर राहणारी. १९९८ सालीं ती वारली. मुलीच्या हातांत मोबाईल होता, आणि त्यांत तिच्या नातवंडांचे शेंकडों फोटो होते. ती म्हणाली, "दादा, तुमचे बाबा फोटो काढायचे ना? आयचा एखादा असल का? पोरांना दाखवायला माझ्याकडं काहीच नाय." मीं मोठ्या विश्वासानें तिला सांगितलें, "नक्की असेल. उद्यां ये."

त्या रात्रीं मी वडिलांचीं पाकिटें काढून बसलों. प्रत्येकावर त्यांच्या वळणदार अक्षरांत तारीख आणि प्रसंग. एकंदर ४२ रोल. म्हणजे १९६९ पासून १९९४ पर्यंतचीं ५०४ चित्रें. एकेक पट्टी दिव्यासमोर धरून मीं पाहिली. लग्नें, मुंजी, बारशीं, गणपती, माहुलीच्या किल्ल्याची सहल, घरावर चढविलेलीं नवीं कौलें. बैलांची जोडी चार वेळां. शेताचीं चित्रें एकोणीस. त्यांतलीं कांहीं फार सुंदर आहेत. पाण्यानें भरलेलीं खाचरें, त्यांत उतरलेलें आभाळ, बांधावरचा ऐन. ज्या हातांनीं तीं खाचरें दरसाल हिरवीं केलीं, त्या बाईचें तोंड मात्र ५०४ चित्रांत कोठेंहि नव्हतें. एका चित्रांत, बांधावर उभ्या असलेल्या माझ्या काकांच्या शेजारीं, चौकटीच्या अगदीं कडेला, आवणाची जुडी धरलेला एक हात आला आहे. मनगटांत दोन बांगड्या आहेत. तो तिचा असेल, असें मला वाटतें, खात्री नाहीं.

दुसऱ्या दिवशीं ती आली तेव्हां मीं तिला फोटो नसल्याचें सांगितलें. बैलांचे आहेत, हें मात्र सांगवलें नाहीं.

वडील निर्दय नव्हते. मजुरी वेळच्या वेळीं देत. याच बाईच्या आजारपणांत ते तिला स्वतः कल्याणला डॉक्टरकडे घेऊन गेले होते. त्यांनीं तिला चित्रांतून हेतुपुरस्सर वगळलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. बाराच चित्रें हातांत असलीं म्हणजे कोणतें खर्च करावें याचा विचार ते करीत. आणि त्या विचारांत ती कधीं आलीच नाहीं, इतकेंच. पण हें 'इतकेंच' फार मोठें आहे. दुर्मिळता दृष्टि शिकवीत नाहीं. जी दृष्टि आपल्यापाशीं अगोदरच असते, ती ती उघडी करते. आपण कोणाला मोलाचें समजतों याचा हिशेब त्या बारा चौकटींत आपोआप लिहिला जातो. मी ज्या काटकसरीचें कौतुक करीत होतों, तिची किंमत आम्हीं कधीं दिलीच नव्हती. ती चौकटीबाहेर राहिलेल्यांनीं दिली.

यावर कोणी म्हणेल कीं, हा दोष मनुष्याचा, यंत्राचा नव्हे. तें बरोबर आहे. आणि नुसतें चित्र काढल्यानेंहि मनुष्याचा मान राखला जातो असें नाहीं. मुंबईंत छायाचित्रणाची हौस फार जुनी आहे. १८५४ सालीं तेथें छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी यांनीं त्या कलेंत नांव मिळविलें. त्याच काळांतल्या विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराचा मुंबईंतील जातिजमातींवरचा सचित्र ग्रंथ १८६३ आणि १८६६ सालीं दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यांत मनुष्यें आहेत. पण तीं कोणी अमुक म्हणून नव्हेत, तर अमक्या जातीचा नमुना म्हणून. शिवाय, स्टुडिओंत काढलेलीं हीं मनुष्यें निराळ्याच देखाव्यांवर जोडून बसविलेलीं आहेत. फिल्म खरें बोलते आणि डिजिटल चित्र खोटें, असें समजणाऱ्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरे उजळ करण्याची विद्या आपल्या तालुक्याच्या गांवच्या फोटोवाल्यांनाहि अवगत होती. खरेपणा यंत्रांत नसतो. तें चालविणाराच्या मनांत असला तर असतो.

दुसरें कारण टिकाऊपणाचें. निगेटिव्ह ही वस्तु आहे. ती हातांत धरतां येते. पन्नास वर्षांनंतरहि ती दिव्यासमोर धरली कीं कोणत्याहि यंत्राच्या मध्यस्थीवांचून डोळ्यांना दिसते, याचा अनुभव मीं त्या रात्रीं घेतला. मोबाईलमधील चित्राचें तसें नाहीं. एका यंत्रांतून दुसऱ्यांत, एका साठवणींतून दुसरींत त्याची सारखी नक्कल करीत राहावी लागते. एका पिढीनें आळस केला कीं सगळेंच गेलें. हा आक्षेप खरा आहे. पण फिल्मलाहि अमरपट्टा मिळालेला नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ मध्यें 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला; त्यांच्या एवढ्या चित्रपटांपैकीं आज फारच थोडें, तेंहि बहुतेक तुकड्यांच्या रूपानें, उरलें आहे. जानेवारी २००३ मध्यें पुण्यांत लागलेल्या आगींत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कितीतरी जुन्या, चटकन् पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्म जळून गेल्या. जें कोणी सांभाळतें तें टिकतें. मग तें रुप्याच्या क्षारांवर उमटलेलें असो कीं विजेच्या खुणांनीं लिहिलेलें असो.

याच फाळक्यांचें उदाहरण दुसऱ्याहि दृष्टीनें बोलकें आहे. ते छायाचित्रकार होते. छापखान्याचा धंदाहि त्यांनीं केला होता. पण पडद्यावर हालतीं चित्रें पाहिल्यावर, हातच्या विद्येशीं इमान राखावयाचें म्हणून ते जुन्या हत्याराला चिकटून बसले नाहींत. पत्नीचे दागिने गहाण टाकण्यापर्यंत मजल गेली तरी त्यांनीं नवें साधन आणलेंच. उलट उदाहरण परदेशांतलें आहे. डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना १९७५ सालीं कोडॅक या फिल्म बनविणाऱ्या कंपनीच्याच स्टीव्हन सॅसन नांवाच्या अभियंत्यानें तयार केला. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरावयास त्याला २३ सेकंद लागत. घरांत जन्मलेल्या त्या अपत्याचें कंपनीनें पुरेसें कौतुक केलें नाहीं, आणि २०१२ सालीं तिच्यावर दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेण्याची पाळी आली. साधनावरील प्रेम आणि साध्यावरील प्रेम यांची गल्लत झाली म्हणजे दोन्ही हातचीं जातात.

आतां विपुलतेची बाजूहि प्रामाणिकपणें तपासली पाहिजे. माझ्या मुलाच्या मोबाईलमध्यें अकरा हजारांवर चित्रें आहेत. तो त्या काळीं असता, तर त्या बाईचें चित्र सहज येऊन गेलें असतें. निदान चुकून तरी. पण तें अकरा हजारांत कोणाला सांपडलें असतें? खालीं नांव कोणी लिहिलें असतें? काटकसरीनें तिला चौकटीबाहेर ठेवलें. उधळपट्टीनें तिला ढिगाखालीं पुरलें असतें. तरीहि या दोन दोषांत एक भेद आहे. ढीग उपसतां येतो. न काढलेलें चित्र मागाहून काढतां येत नाहीं. अतिरेकाची चूक कष्टानें सुधारते, वगळण्याची सुधारत नाहीं. मला वाटतें, या एका गोष्टीनेंच प्रश्नाचा अर्धा निकाल लागतो.

उरलें तिसरें कारण, आणि तेंच मनांत सर्वांत खोल आहे: ही वडिलांची वस्तु आहे. पण तिच्याशीं मीं काय वर्तन ठेवलें? आमच्याकडील पावसाळा चार महिन्यांचा. कपाटाच्या अंधारांत, ओलसर हवेंत ठेवलेल्या भिंगावर बुरशी धरते. शटरच्या आंतलें तेल घट्ट होऊन त्याची गति मंदावते. परवां कॅमेरा उघडून पाहिला तों खालच्या भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटूं लागली होती. दुरुस्ती करणाऱ्या एका वृद्ध कारागिरानें तो पाहून म्हटलें, "साहेब, वापरला असतात तर हें झालें नसतें. याला उजेड आणि हवा लागते." ठेवणें म्हणजे कांहीं न करणें, असें आपण समजतों. वस्तुतः न वापरतां ठेवणें ही देखील एक कृति आहे. सावकाश केलेला नाशच तो. पितृभक्तीच्या नांवाखालीं मी वडिलांचा कॅमेरा बुरशीला देत होतों.

म्हणून मीं ठरविलें तें असें. माझ्या बहिणीचा मुलगा स्वतः अंधारखोलींत फिल्म धुतो. कॅमेरा साफ करवून त्याला दिला. त्याला रोल महाग पडतात, तरी तो घालतो. निगेटिव्हचीं बेचाळीस पाकिटें मीं ठेवून घेतलीं आहेत, आणि दिवसाला एक पट्टी याप्रमाणें डिजिटल नक्कल करून प्रत्येक चित्रांतल्या ओळखूं येणाऱ्या मनुष्यांचीं नांवें वहींत लिहीत आहें. मुलानें सुचविलेला कॅमेरा घेतला आहे. त्यांतलीं बारा चित्रें दरवर्षीं कागदावर छापून घ्यावयाचीं, पाठीमागें नांव, गांव आणि तारीख लिहावयाची, आणि ज्याचें चित्र त्याला एक प्रत द्यावयाची. बाराचा नेम वडिलांकडून घेतला आहे. निवड मात्र अगोदर नव्हे, मागाहून.

वडिलांच्या चित्रांतल्या कित्येक खाचरांवर आतां गोदामें उभीं आहेत. आग्रा रोडवरून कंटेनर जात-येत असतात, आणि १९९९ पासून थेट चंद्रपुराहून ७५२ किलोमीटर आलेली वीज पडघ्याच्या केंद्रांत उतरते. तें आभाळ उतरलेलें पाणी फक्त त्या पट्ट्यांत राहिलें आहे, आणि तें वडिलांनीं टिपलें याबद्दल मी त्यांचा ऋणी आहें. पण ऋण मान्य करणें आणि चूक मान्य करणें हीं परस्परविरुद्ध नाहींत. आवणाची जुडी धरलेल्या त्या हाताचें चित्र मीं मोठें करून छापून घेतलें, आणि वाडीवर नेऊन दिलें. हें तुझ्या आईचें आहे असें मी म्हणूं शकलों नाहीं. असेल, एवढेंच म्हणालों. तिनें तें बराच वेळ पाहिलें. मग बांगड्यांवर बोट ठेवून ती म्हणाली, "आयच हाय." तिला खरोखर ओळख पटली, कीं ओळख पटावी अशी तिची इच्छा होती, हें मीं विचारलें नाहीं. तो प्रश्न विचारण्याचा अधिकार आमच्या घरानें ५०४ चित्रांपूर्वींच गमावला होता.