शिलोहाचा बुरूज आणि ह्यूस्टनची पत्रकार परिषद



लूकच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात एका अपघाताचा उल्लेख आहे. पिलाताने मारलेल्या गालीलकरांची वार्ता घेऊन काही लोक येशूकडे आले, तेव्हा शिलोहाच्या बुरुजाचा विषय येशूने स्वतःहून काढला. तो बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली होती. त्या काळची समजूत अशी, की ज्याच्यावर संकट आले त्याने काहीतरी पाप केले असणार. येशूने ती समजूत साफ नाकारली. मेलेले इतरांहून अधिक पापी नव्हते, असे सांगून त्याने प्रश्न जिवंत असलेल्यांकडे वळवला: तुमचे काय?

हा उतारा वाचताना मला कोलंबिया यान आठवते. १ फेब्रुवारी २००३, शनिवार. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजत आले होते. सोळा दिवसांची मोहीम संपवून परतणारे यान फ्लोरिडात उतरायला सुमारे पंधरा मिनिटे उरली असताना टेक्सासच्या आकाशात फुटले. हरियाणातील कर्नालची कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. धावपट्टीजवळ कुटुंबीय वाट पाहत उभे होते.

त्याच दुपारी ह्यूस्टनमध्ये शटल कार्यक्रमाचे प्रमुख रॉन डिटेमोर पत्रकारांसमोर बसले. सोबत मुख्य उड्डाण संचालक मिल्ट हेफ्लिन होते. डाव्या पंखातील तापमानाचे संवेदक कोणत्या मिनिटाला बंद पडले, चाकांच्या दाबाची नोंद कधी थांबली, हे डिटेमोर यांनी क्रमाने सांगितले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरील फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. आमच्या तज्ज्ञांनी ते धोक्याचे मानले नव्हते, पण आता तो संबंध नाकारता येणार नाही, हेही त्यांनी पहिल्याच दिवशी मांडले. १९८६ साली चॅलेंजर फुटले, तेव्हा पत्रकारांना कित्येक तास ताटकळत ठेवून नासाने मोजकेच सांगितले होते. या वेळचा मोकळेपणा वेगळा होता आणि त्याची प्रशंसाही झाली.

सेमिनरीत आम्ही स्टोइक तत्त्वज्ञ शिकलो. सुखदुःखाने न हलणारे मन हा त्यांचा आदर्श. आपल्याकडेही अंत्यविधीला डोळ्यांतून पाणी न काढणाऱ्या मुलाचे ‘खंबीर आहे हो’ म्हणून कौतुक होते. मला ते कौतुक कधी फारसे पटले नाही. प्रभू येशू लाजरसाच्या थडग्यापाशी रडला. संत थॉमस अक्वायनस यांनी दुःखावरचे उपाय सांगताना अश्रू सांगितले, मित्रांची सहानुभूती सांगितली, झोप आणि आंघोळसुद्धा सांगितली! (एवढ्या मोठ्या ईशज्ञानी संताला आंघोळ सुचली याचे मला फार समाधान वाटते.) पण त्याच यादीत आणखी एक उपाय आहे: सत्याचे चिंतन. दुःखाच्या भरात मिनिटामिनिटाचा हिशेब मांडणारा अधिकारी कोरडा वाटू शकतो. पण ज्यांची माणसे गेली आहेत त्यांना गोड शब्दांपेक्षा तो हिशेबच अधिक हवा असतो.

मात्र गोष्ट इथे संपत नाही. या दुर्घटनेला आणखी एक शांतता कारणीभूत होती, आणि ती आधीची होती. फोम आदळल्याचे चित्रफितीत दिसले, तेव्हा यान आकाशातच होते. पंखाची छायाचित्रे मिळवावीत असे अभियंत्यांनी सुचवले. ती मागणी बारगळली. २३ जानेवारीला यानाचा कमांडर आणि वैमानिक यांना ई-मेलने कळवण्यात आले, की फोम लागला आहे, पण काळजीचे कारण नाही. नंतर अ‍ॅडमिरल गेहमन यांच्या चौकशी मंडळाने २६ ऑगस्ट २००३ रोजी अहवाल दिला. अपघाताला फोम जितका जबाबदार, तितकीच संस्थेची कार्यसंस्कृतीही जबाबदार, असे त्यात म्हटले आहे.

‘काळजीचे कारण नाही.’ बंधुभगिनींनो, हे वाक्य आपल्या किती ओळखीचे आहे! सणाच्या रोषणाईची उघडी वायर, जुन्या घराच्या गच्चीला गेलेला तडा, वडिलांच्या छातीत अधूनमधून येणारी कळ. कुणी धाकटा बोलला तर आपण म्हणतो, ‘काही होत नाही रे, तुला काय कळतंय?’ आपला चेहरा तेव्हाही शांतच असतो. पुढे काही घडले, की त्याच शांत चेहऱ्याने आपण सांत्वनाला जातो आणि ‘देवाची इच्छा’ म्हणून मोकळे होतो. मला वाटते, त्या घरात देवाचे नाव इतक्या घाईने घेऊ नये. शिलोहाच्या बुरुजाखाली सापडलेल्यांवर येशूने दोष ठेवला नाही, तसा पित्यावरही ढकलला नाही.

डिटेमोर यांचेही पुढे चुकलेच. ५ फेब्रुवारीला त्यांनी फोम हे मूळ कारण असणे आपल्याला पटत नाही असे सांगितले. लबाडी नव्हती, वर्षानुवर्षे फोम सुटत आला होता आणि यान सुखरूप परतले होते, त्या सवयीतून आलेली ती खात्री होती. जुलैमध्ये टेक्सासमधील प्रयोगशाळेत पंखाच्या भागावर फोमचा तसाच तुकडा वेगाने मारून पाहिला, तेव्हा त्याला मोठे भगदाड पडले.

त्या अध्यायात पुढे अंजिराचे झाड येते. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो आणि आळे खणून खत घालायचे ठरवतो. नासाला अडीच वर्षे लागली. २६ जुलै २००५ रोजी डिस्कव्हरी यान निघाले आणि टाकीवरून फोमचा मोठा तुकडा पुन्हा सुटला. या वेळी तो यानाला लागला नाही. दुसऱ्याच दिवशी अधिकारी पत्रकारांसमोर आले. आमचा अंदाज चुकला, दोष दूर होईपर्यंत पुढची उड्डाणे बंद, असे त्यांनी सांगितले. यान वर असतानाच त्याच्या पंखांची आणि पोटाची छायाचित्रे घेऊन ती बारकाईने तपासण्यात आली. ९ ऑगस्टला सातही अंतराळवीर कॅलिफोर्नियात सुखरूप उतरले.