छातीवरचं नाव

गेल्या हिवाळ्यात आमच्या चिरंजीवांनी हट्ट धरला. हूडी हवी, आणि तीही छातीवर मोठ्या कंपनीचं चिन्ह असलेलीच हवी. किंमत ऐकून माझा मध्यमवर्गीय जीव कळवळला. "अरे, जाहिरात त्यांची, आणि पैसे आपण मोजायचे?"

"बाबा, ते चिन्ह नसलं तर मी वर्गात कुणाला दिसतच नाही."

या उत्तरावर मी गप्प झालो. चिन्हात असतं तरी काय? नायकेची ती बाकदार खूण कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने १९७१ मध्ये काढली, मेहनताना ३५ डॉलर! 'सुप्रीम'ची लाल पट्टीतली पांढरी अक्षरं बार्बरा क्रूगर या चित्रकर्तीच्या शैलीवरून उचललेली, आणि तिची चित्रं तर खरेदीच्या हव्यासाचीच टिंगल करणारी. म्हणजे रेषा स्वस्त, अक्षरं उसनी. मोल येतं ते पुढे, ती कुणाच्या अंगावर दिसतात त्यावरून.

त्या शनिवारी भाजीसाठी चिरंजीवांना घेऊन ओटाराच्या बाजारात गेलो. टारोचे, म्हणजे आपल्या अळकुडीच्या थोरल्या भावाचे, ढीग लागले होते. याच बाजारात सिलिगा सेटोगा यांनी 'पॉपोहार्डवेअर' या नावाने टी-शर्ट विकले. त्यांवर नामांकित कंपन्यांच्या चिन्हांत सामोअन शब्दांची गंमत केलेली असे. इथेच टी-शर्ट विकत अँडी मर्नेन आणि 'ब्रदा डी' या दक्षिण ऑकलंडच्या दोन तरुणांनी १९९९ मध्ये 'डॉन रेड' ही संगीत कंपनी उभी केली.

हे नाव साधं नाही. १९७० च्या दशकात व्हिसाची मुदत संपलेल्यांना शोधायला पोलीस पहाटे घरांची दारं ठोठावत. मुदत संपलेल्यांत ब्रिटिश आणि अमेरिकनही होते, पण दारं वाजली ती मुख्यतः पॅसिफिक कुटुंबांची. सरकारने माफी मागितली २०२१ साली. ज्या शब्दांनी आधीची पिढी दचकून उठायची, तेच शब्द पुढच्या पिढीने माफीची वाट न बघता आपलं नाव म्हणून लावले.

परतताना गाडीत हे सगळं सांगून मी समारोप केला, "चिन्हामुळे माणूस मोठा होत नाही, माणसामुळे चिन्ह मोठं होतं!" वाक्य झकास जमलं होतं. तेवढ्यात मागून प्रश्न आला, "मग बाबा, ऑफिसच्या तुमच्या बिल्ल्यावर 'सॅम' का?"

माझं नाव सदाशिव. पहिल्या मुलाखतीत समोरच्यांना उच्चार जमेना, तेव्हा मीच म्हणालो होतो, "कॉल मी सॅम." कुणी जबरदस्ती केली नव्हती. नोकरी हवी होती, घर चालवायचं होतं. त्याची मला आजही लाज वाटत नाही. पण गरज संपल्यावरही बारा वर्षं बिल्ला तोच राहिला, याला काय म्हणायचं? सोय की संकोच? मुलगा एका चिन्हाआड उभा राहू पाहत होता, आणि बाप दोन अक्षरांआड केव्हाच जाऊन बसला होता.

हूडी शेवटी घेतली, सेलमध्ये. नव्या बिल्ल्यासाठी अर्जही दिला आहे. आता सहकाऱ्यांची 'स-दा-शि-व' अशी शिकवणी घ्यावी लागणार.

मंडळी, तुमच्या बिल्ल्यावर काय लिहिलंय?