गाठ : बंधन की आधार?

बंधन आले की स्वातंत्र्य संपले, असे आज अनेकांना वाटते. विवाहाची प्रतिज्ञा असो वा एखाद्या कार्याला आयुष्य वाहण्याचा निश्चय असो, तरुण मने त्याकडे साशंकतेने पाहतात. ही शंका उडवून लावण्याजोगी नाही. तिचा विचार करताना मृणालिनी मुखर्जी यांची तंतुशिल्पे माझ्या डोळ्यांपुढे येतात.

मृणालिनीबाईंचा जन्म १९४९ साली मुंबईत झाला. वडील बिनोद बिहारी मुखर्जी चित्रकार, तर आई लीला मुखर्जी शिल्पकार. बडोद्याला के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे शिकलेल्या या कलावतीने दगड वा धातू न निवडता वाखाचा साधा दोर हाती घेतला. आपल्या वाशीच्या बाजारात ज्या सुतळीने गोणीचे तोंड शिवतात, तिच्याच कुळातली ही वस्तू! तो दोर रंगवून, आधी कोणताही आराखडा न रेखाटता, त्या गाठीमागून गाठ मारीत जात. एकेका शिल्पाला कित्येक महिने लागत. ‘यक्षी’ (१९८४) आणि ‘वनश्री’ (१९९४) ही शिल्पे तर माणसाहूनही उंच आहेत. जानेवारी २०१५ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे प्रदर्शन उघडले आणि आठवडाभरातच त्यांचे निधन झाले.

मोकळा दोर जमिनीवर लोळत पडतो. हजारो गाठी पडल्या, आत धातूचा आधार मिळाला, की तोच दोर उभा राहतो. गाठीने त्याचे काही हिरावले नाही. त्याला रूप दिले. मात्र इथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. गोणीची सुतळी दुसऱ्याचे तोंड बंद करते. शिल्पातील दोर स्वतःलाच गुंफून घेतो.

बंधनाची नैतिक कसोटी हीच, असे मला वाटते. मी स्वतःला बांधून घेतो आहे, की माझ्या सोयीसाठी दुसऱ्याला? जो पती लग्नगाठीचा दाखला देऊन पत्नीला गप्प बसवतो, जे आईबाप कर्तव्याच्या नावाखाली मुलांना जखडतात, त्यांच्या हाती गोणीची सुतळी असते. अशा ठिकाणी सोसण्याचा उपदेश करणे म्हणजे गाठ अधिक आवळणे होय. तिथे सोडवणारा हात हवा.

आपली भाषा मोठी शहाणी आहे. लग्नाची ती गाठ, भेटीची ती गाठ आणि मनात धरलेल्या रागाचीही गाठच. दगडावर चुकीचा घाव पडला तर तो परत घेता येत नाही. चुकलेली गाठ मात्र धीराने सोडवून पुन्हा मारता येते. त्यासाठी नखे दुखवून घ्यावी लागतात, एवढेच. दोर तोडणे सोपे असते, पण तोडलेला दोर तोकडा होतो. म्हणून घरातली कोणती गाठ आपल्याला उभे करते आणि कोणती कुणाचा तरी श्वास कोंडते, हे प्रत्येकाने आपल्याच हातांकडे पाहून ठरवावे.