प्रसादाची गोडी
॥ श्रीगुरवे नमः ॥

गेल्या गुरुवारी आरतीनंतर, सुरतेत उधन्याला, एका काकूंनी पेढा कपाळाला लावला नि हळूच पदराच्या टोकाला बांधला. त्यांना शुगर आहे. प्रसाद नाकारवत नाही, खाताही येत नाही. या पेचात त्यांना टाकलं कोणी? वाढणाऱ्यांनी, म्हणजे आम्हीच!

मग ठरलं, पेढ्याऐवजी अमलसाडचे चिकू. लगेच एक जण म्हणाले, "फळाची साखर नैसर्गिक, कितीही खा." हे आम्हाला पटत नाही. बारडोलीच्या कारखान्यातली साखरही उसाचीच की! फरक असा, की फळात गोडाबरोबर चोथा नि पाणी येतं, चावावं लागतं, साखर रक्तात सावकाश उतरते, पोटही लवकर भरतं. रस गाळून प्यायला की हा फायदा बराचसा गेलाच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली फळांचा रस आणि मधसुद्धा वरून घातलेल्या साखरेच्याच पंगतीला बसवला. (तीर्थातला थेंबभर मध, ती गोष्ट वेगळी.) चिकू तर मुळातच फार गोड, काकूंना एक फोड पुरे.

येत्या गुरुवारी फोडीच असतील. कोणी नुसते हात जोडले, तर पुन्हा आग्रह करू नये.